‘फोन उचलत नाहीत’ : मीही उचलला नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात मिरजेच्या एका व्यापारी वाचकांचं पत्र वाचलं. दुकानाची वेबसाइट बंद पडली, बनवणाऱ्याला चौदा फोन केले, त्यानं एकही उचलला नाही, आणि चौथ्या दिवशी मेसेज आला, ‘सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे’. शेवटी त्यांनी लिहिलंय की हे सगळे वेबसाइटवाले एकाच माळेचे मणी. मी त्या माळेतली आहे. सांगलीला विश्रामबागेत दोन खोल्यांचं ऑफिस, मी आणि एक मुलगा, बारा वर्षं हेच काम. पत्र वाचून आधी राग आला. मग आठवलं की मीही एकदा नऊ तास फोन उचलला नव्हता.

गणपती पेठेत एक जुनं दुकान आहे. हळद, बेदाणे, भडंग. मालकांना मी काका म्हणते. त्यांची वेबसाइट मी बनवली आणि तिची देखभालही माझ्याकडेच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर काकांनी ‘आता बाहेरगावी माल जाऊ दे’ असं मनावर घेतलं होतं. दिवाळीत बेदाण्याच्या भेटपेट्यांना चांगली मागणी असते. त्या वर्षी दिवाळीसाठी साइटचं रूप बदलायचं ठरलं. चालू साइटवर असलं काम करत नाहीत. तिची एक प्रत वेगळी काढायची, तिच्यावर काय ती तोडफोड करायची आणि सगळं जमलं की ते चालू साइटवर चढवायचं. प्रत मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काढली. काम संपायला अकरा दिवस लागले.

चढवताना एक खिडकी उघडते. तिच्यात दोन टिक असतात, ‘फाइल्स’ आणि ‘डेटाबेस’. फाइल्स म्हणजे दुकानाची रंगरंगोटी, फळ्या, पाटी. डेटाबेस म्हणजे गल्ला आणि वही. दुकान रंगवून झालं म्हणून कोणी अकरा दिवसांपूर्वीची वही आणून आजच्या वहीच्या जागी ठेवत नाही. मी ठेवली. नव्या साइटला दोन्ही टिक बरोबरच असतात, आणि त्या महिन्यात मी चार नव्या साइट चढवल्या होत्या. ‘नक्की का?’ असं त्या खिडकीनं विचारलं होतं. मी ‘हो’ दाबलं. ते वाचून दाबलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

रात्रीचे ११ वाजून ४२ मिनिटं. नवं पान सुंदर दिसत होतं. मी त्याचा फोटो काढून काकांना पाठवला, ‘काका, दिवाळी ऑफर चालू झाली’. ११.४५ ला त्यांचा अंगठा आला. ११.५० ला मी सहज ऑर्डरींची यादी उघडली. वरची ऑर्डर दसऱ्याच्या दिवशीची. आधी वाटलं यादी उलटी लागलीय. तारखेवर क्लिक करून ती फिरवली, पुन्हा फिरवली. अकरा दिवसांच्या सगळ्या ऑर्डरी गेल्या होत्या. नंतर मोजल्या तेव्हा आकडा आला २१४.

इथवर झाली ती चूक. अशी चूक आमच्या धंद्यात कधी ना कधी प्रत्येकाच्या हातून होते, मोठ्यामोठ्यांच्याही. मला या पत्रात सांगायचंय ते यापुढच्या नऊ तासांबद्दल.

बॅकअप म्हणजे राखीव प्रत. ती घेणारं प्लगिन, म्हणजे साइटला जोडायचा एक छोटा प्रोग्राम, बसवलेलं होतंच, दर रविवारी ते प्रत काढायचं. ती फोल्डर उघडली. फाइली होत्या, रांगेनं, तारखा बरोबर. पण जुलैपासूनची प्रत्येक फाइल १ केबीची. सर्व्हरवरची जागा भरली होती, प्लगिन दर रविवारी रिकामं पाकीट तयार करून ‘काम झालं’ म्हणत होतं, आणि मी ते पाकीट कधी उघडून पाहिलं नव्हतं. साडेबारा वाजले.

आता एकच रस्ता होता. होस्टिंग कंपनी, म्हणजे जिच्या सर्व्हरवर साइट भाड्यानं ठेवलेली असते ती, स्वतःची एक प्रत रोज रात्री घेते. म्हणजे आदल्या रात्रीची प्रत त्यांच्याकडे शाबूत होती. ती मिळाली असती तर एका दिवसाच्या ऑर्डरी सोडून बाकी सगळं पंधरा मिनिटांत परत आलं असतं. पण होस्टिंगचं खातं काकांच्या नावावर होतं, आत शिरायला ओटीपी लागतो, आणि तो येतो काकांच्या मोबाइलवर.

एक फोन करायचा होता. मी तो केला नाही.

काका झोपले असतील असं मी स्वतःला सांगितलं. पाऊण तासापूर्वी त्यांनी अंगठा पाठवला होता, तरीही. सकाळी सांगू, रात्रीतून काय बिघडणार आहे, असंही सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. त्यांना काय सांगायचं, याचं वाक्य माझ्याकडे तयार नव्हतं. आधी दुरुस्त करू, मग ‘थोडी अडचण आली होती, मिटली’ एवढंच सांगू, असा हिशोब मनात चालू होता. म्हणून मी जिथे काही मिळणार नाही हे माहीत होतं तिथेच शोधत बसले. लॅपटॉपवरच्या जुन्या प्रती उघडल्या. उगीच कोणकोणते लेख वाचले. दोन कप चहा झाला.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी आठवलं की होस्टिंगवाल्यांचा बॅकअप रोज रात्री अडीच वाजता होतो. आणि ते एकच प्रत ठेवतात, आजची कालच्यावर चढते. हे मला ठाऊक होतं. ते पॅकेज मीच काकांना घेऊन दिलं होतं, वर्षाला दीड हजार वाचावेत म्हणून. सात दिवसांच्या प्रती ठेवणारं पॅकेज तेवढ्यानंच महाग होतं. म्हणजे वीस मिनिटांपूर्वी शेवटची चांगली प्रत पुसली गेली होती, आणि तिच्या जागी माझी चूक व्यवस्थित घडी घालून ठेवली गेली होती.

एवढ्यावरही संपलं नाही. ज्या क्षणी कळलं त्या क्षणी साइटवर ऑर्डर घेणं बंद करायला हवं होतं. आमच्यातल्या नव्या मुलांना मी आता हेच पहिलं शिकवते : आधी शटर ओढा. मी ओढलं नाही, कारण शटर बंद दिसलं असतं तर काकांनी विचारलं असतं. डेटाबेस मागे गेला की पुढचा ऑर्डर क्रमांकही मागे जातो. त्या रात्रीत नऊ ऑर्डरी आल्या आणि त्या नवांना असे क्रमांक मिळाले जे आधी दुसऱ्या कोणाला देऊन झाले होते. पेमेंटच्या यादीत एकाच क्रमांकापुढे नाशिकच्या एकांचे ८४० रुपये आणि चिपळूणच्या एकांचे १,१८० रुपये, असं दिसायला लागलं. आधी नुसतं हरवलेलं होतं, आता वर गुंताही झाला.

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी काकांचा फोन आला. दिवाणजी आठला दुकान उघडून पत्त्यांची लेबलं छापतात, त्यांना यादी रिकामी दिसली होती. मी फोन वाजू दिला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी तो पालथा ठेवला. मिरजेच्या पत्रलेखकांनी केलेल्या चौदापैकी पहिले तीन असेच पालथे पडले असतील, यात मला शंका नाही. पुढचे अकरा का उचलले नाहीत ते त्या माणसालाच ठाऊक.

पावणेनऊला मी फोन केला नाही, स्कूटर काढली आणि थेट पेठेत गेले.

काका गादीवर होते, दिवाणजी बाजूला, समोर दोन गिऱ्हाइकं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. २१४ हा आकडा तेव्हा माहीत नव्हता, म्हणून ‘अकरा दिवसांच्या सगळ्या’ असं म्हटलं. काकांनी एकच विचारलं.

“तुला किती वाजता कळलं?”

“पावणेबाराच्या पुढं.”

“मी दीडपर्यंत जागा होतो. बेदाण्याच्या पट्ट्या लिहीत बसलेलो. फोन हितं शेजारी होता की गं.”

नंतर ते ओरडले. गिऱ्हाइकांसमोर, चांगले दहा मिनिटं. ‘देवमाणूस, एक शब्द बोलले नाहीत’ असं लिहिलं असतं तर बरं वाचलं असतं, पण ते बोलले, आणि त्यातलं ऑर्डरींबद्दल फार थोडं होतं. त्यांचा सगळा राग त्या नऊ तासांवर होता. शेवटी पोराला चहा आणायला पाठवलं आणि म्हणाले, “आता बस. काय काय हाय आपल्याकडं, ते सांग.”

तर काय काय होतं? पेमेंट कंपनीच्या यादीत ज्यांनी आधी पैसे भरले त्यांचे मोबाइल नंबर आणि रक्कम होती. पण माल काय, पत्ता काय, ते नव्हतं. १,१८० रुपयांत तीन वेगवेगळ्या गोष्टी बसतात. प्रत्येक ऑर्डरीची मेल काकांच्या पुतण्याला जायची, आणि पुतण्याला त्या मेलांची कटकट वाटायची म्हणून तो रोज त्या पुसायचा. त्याच्या आळशीपणाचे आभार. जीमेलमध्ये पुसलेली मेल तीस दिवस कचऱ्याच्या डब्यात पडून असते. डबा उघडला तर बहुतेक सगळ्या तिथे. फक्त मध्ये एका रविवारी ‘जागा भरली’ म्हणून त्यानं डबाही रिकामा केला होता, त्याच्या आधीच्या मेली गेल्या त्या गेल्याच.

आणि दिवाणजींची वही होती. लाल कापडी बांधणीची. साइट सुरू झाली त्या दिवसापासून दिवाणजी रोज संध्याकाळी पडद्यावरची प्रत्येक ऑर्डर वहीत उतरवायचे. मी एकदा हसून म्हटलंही होतं, ‘दिवाणजी, हे सगळं मशिनीत आहे की.’ ते म्हणाले होते, ‘असू दे. मशिनीचं मशिनीपाशी.’ वहीत क्रमांक, गाव, माल, वजन आणि माल गेला की पुढे एक टिक. नाव आणि फोन मात्र नाही. का नाही, असं त्या दिवशी मी विचारलं तर शांतपणे म्हणाले, “नाव-पत्ता मशिनीत असतोय की.”

पुढे मी अमेरिकेकडची एक हकीकत वाचली. गिटलॅब नावाची मोठी कंपनी आहे, जगभरचे प्रोग्रामर आपलं काम तिच्याकडे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबीतलं साडेचार जीबी उरलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, एकही धड चालत नव्हती. शेवटी सहा तासांपूर्वी त्याच माणसानं दुसऱ्याच कशासाठी तरी हातानं काढलेली प्रत कामी आली. म्हणजे त्यांच्याकडेही शेवटी एक दिवाणजीच निघाला. पण मला त्यातलं लागलं ते वेगळंच. त्या कंपनीनं काय बिघडलंय आणि काय करतोय हे त्याच वेळी सगळ्यांसमोर उघड लिहायला घेतलं. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. हजारो लोक बघत होते. आणि मला गणपती पेठेतल्या एका माणसाला सांगवत नव्हतं.

पुन्हा त्या दिवसाकडे येते. वहीतल्या टिकांवरून कळलं की २१४ पैकी १५१ ऑर्डरींचा माल रवाना झालाय, त्यांची काळजी नाही. राहिल्या ६३. त्यातल्या ४१ जणांनी आधी पैसे भरलेले, २२ जण माल हातात आल्यावर देणारे. मी पहिलं काम केलं ते साइटला कुलूप लावण्याचं. दुसरं, पुढचे सगळे क्रमांक ९००१ पासून सुरू करून टाकले, म्हणजे नवा-जुना गुंता तरी वाढणार नाही. मग दुपारी दोनपासून मी आणि काकांच्या सूनबाई दोन फोन घेऊन बसलो.

फोनवर काय बोलायचं ते मी कागदावर लिहून घेतलं होतं. ‘तांत्रिक अडचणीमुळे आपल्या ऑर्डरीची माहिती पुन्हा तपासत आहोत.’ काकांनी कागद घेतला, वाचला आणि पहिला शब्द पेनानं खोडला. “तांत्रिक म्हणजे काय? वीज गेली का? आमच्याकडनं चूक झाली, तुमची ऑर्डर पुसली गेली, परत सांगा, असं म्हण.” मी तसं म्हणायला सुरुवात केली. पहिले दोन फोन जड गेले. पुण्याच्या एका गृहस्थांनी बराच उद्धार केला आणि ऑर्डर रद्द केली. असे चौघं निघाले, त्यांचे पैसे त्याच दिवशी परत केले. बाकीच्यांनी निमूटपणे पुन्हा सांगितलं. कराडच्या एका आजी म्हणाल्या, ‘फोन केलाच आहेस तर अर्धा किलो भडंग वाढव.’ रात्री नऊला शेवटचा फोन झाला तेव्हा माझा आवाज बसला होता आणि सूनबाईंनी दुकानात पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं होतं.

मालावर पैसे देणाऱ्या २२ पैकी १७ जणांची माहिती पुतण्याच्या डब्यात सापडली. पाच उरल्या, ज्या फक्त वहीत होत्या. जुन्या ऑर्डरी, माल दळून किंवा निवडून यायचा होता म्हणून थांबलेल्या. गाव आणि वजन एवढंच. त्यातल्या दोन मागच्या वर्षीच्या गिऱ्हाइकांशी जुळवून निघाल्या, इचलकरंजीची एक बाई दर दिवाळीला दोन किलो बेदाणे आणि एक किलो हळदच मागवते, असं. दोघांनी दिवाळीच्या तोंडावर आपणहून फोन केला.

रात्री पेठेतल्या दुकानाचं शटर ओढताना बॅकअपचा विषय निघाला. यापुढे दोन-तीन प्रती ठेवू, असं मी म्हटलं. काका म्हणाले, “कुठं ठेवणार?” मी म्हटलं, त्याच सर्व्हरवर, वेगळ्या फोल्डरात. त्यावर त्यांनी हरिपूरची गोष्ट काढली. तिकडे जमिनीत पेवं, म्हणजे साठवणीचे खोल खड्डे असायचे, हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची, किडा लागायचा नाही. त्यांच्या वडिलांची हळदही तिथंच असायची. “आमची पेवं चार होती,” ते म्हणाले. “२००५ ला पाणी चारींत शिरलं.”

बॅकअपवरची आजवर वाचलेली सगळी पुस्तकी पानं या एका वाक्यात बसतात. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला मार्च २०२१ मध्ये एक मोठं डेटा सेंटर जळालं तेव्हा ज्यांनी मूळ माल आणि बॅकअप एकाच आवारात ठेवले होते त्यांचं असंच झालं. प्रती किती हे पुरेसं नाही, त्या एका पुरात सापडतात का ते बघायचं. मग मी म्हटलं, एक हार्ड डिस्क दुकानात ठेवू. काकांनी मान हलवली. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा पेठेचं काय झालं ते सांगलीकरांना मी सांगायला नको. त्यामुळे ती डिस्क दर महिन्याला विट्याला जाते, काकांच्या बहिणीकडे, देवघराच्या कपाटात. दर तीन महिन्यांनी मी तीतली प्रत काकांच्या समोर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवते. काका यादीतली कोणतीही एक ऑर्डर सांगतात, ती दिसली पाहिजे. नाही दिसली तर त्या तिमाहीचे पैसे नाहीत, असं ठरलंय.

पैशांचंही लिहिते, कारण मिरजेच्या पत्रात त्याचा उल्लेख होता. मी त्या वर्षीची देखभाल फी नको म्हटलं. काकांनी रद्द झालेल्या ऑर्डरी, वाया गेलेला दिवस आणि फोनचं मांडून नऊ हजार कापले आणि बाकीचा चेक दिला. “फुकट केलंस तर पुढच्या वेळी तुला ओरडता येणार नाही,” म्हणाले.

पत्रलेखकांनी सगळ्यांना एका माळेत ओवलं, त्यावर माझी तक्रार नाही. त्यांना एवढंच कळवायचं आहे की फोन न उचलणारा माणूस पळालेलाच असतो असं नाही. पुष्कळदा तो पडद्यासमोर बसलेला असतो आणि तुमच्या आवाजाला घाबरलेला असतो. त्यानं तुमचं नुकसान कमी होत नाही, उलट वाढतं, ते वर लिहिलंच आहे. पण अशा वेळी पंधरावा फोन करण्यापेक्षा त्याच्या ऑफिसात जाऊन बसा. आणि होस्टिंगचा व डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो ते आजच बघून ठेवा. तो वेबसाइटवाल्याच्या नंबरवर येत असेल, तर दुकानाची किल्ली तुमच्याकडे नाही.

राहता राहिली पाचवी ऑर्डर. दिवाणजींच्या वहीत ‘जत, हळद ३’ एवढंच आहे. क्रमांकावरून दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या दिवशीची दिसते. तीन किलो हळद पुडा बांधून दिवाळीपर्यंत ठेवली होती, नंतर दिवाणजींनी जुनी काढून नवी भरली, तेव्हापासून ते दर वर्षी भरतात. जत तालुक्यात आपला अंक पोचतो म्हणून लिहिते : त्या दिवाळीत सांगलीहून हळद मागवून ती न आलेले कोणी असतील, तर दुकानाचा नंबर त्यांच्या जुन्या मेसेजांत सापडेल. नावही विचारणार नाही, वजन सांगितलं की पुरे.

आपली,
एक वेबसाइटवाली
विश्रामबाग, सांगली

(नाव आणि पत्ता आपल्याकडे वेगळ्या कागदावर दिला आहे. काकांच्या सांगण्यावरून तो छापू नये. पत्र त्यांना वाचून दाखवलं आहे, ‘दहा मिनिटं’च्या जागी ‘पाच’ करायला सांगत होते, मी केलं नाही.)